एकच मुक्काम, सात रात्री: गोव्याहून मुलांना घेऊन परदेशी सुट्टीला निघताना

मुक्काम बदलण्याचा एक दिवस घड्याळ लावून पाहा. सकाळी उठल्या उठल्या पोहण्याचे ओले कपडे, चार्जर, अर्धी रंगवलेली वही गोळा करून बॅगा भरायच्या. अकरा-बाराच्या आत खोली सोडायची. मग टॅक्सी, स्टेशन नाही तर विमानतळ. नव्या गावच्या हॉटेलात पोचल्यावर कळतं, की खोली दुपारी तीनला मिळणार. मुलं भुकेली, बॅगा लॉबीत, आणि दिवस तिथेच संपला. आठ दिवसांत चार शहरं दाखवणाऱ्या सहलीत असे तीन दिवस सामान ओढण्यातच जातात, आणि त्याचे पैसे तुम्हीच भरलेले असतात.

म्हणून शाळकरी मुलं बरोबर असतील तर आखणीची सुरुवात मुक्काम मोजून करा. सात रात्रींपर्यंत एकच मुक्काम, दहा रात्रींना फार तर दोन. देश, तिकीट, हॉटेल, रोजचा बेत हे सगळं या आकड्याच्या मागून येतं. एका जागी राहून जिथे रोज अर्ध्या-पाऊण तासात वेगळं काही बघायला मिळतं, तोच देश मुलांसाठी सोपा.

सुट्टी कुठली धरायची

गोव्यातल्या घरांना वर्षात तीनच खिडक्या मिळतात: मे, दिवाळी आणि नाताळ. चवथीची सुट्टी असते, पण तेव्हा घर सोडून कोण जातो!

मे महिन्याला अलीकडे एक नवी मेख आहे. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहेत. एक मूल चौथीत आणि दुसरं आठवीत असेल, तर एप्रिलमध्ये धाकटा मोकळा आणि मोठी शाळेत अशी स्थिती होते. दोन्ही शाळांची वेळापत्रकं हातात आल्याशिवाय एप्रिलचं तिकीट काढू नका. मे सगळ्यांना मोकळा असतो, पण मुंजी-लग्नंही तेव्हाच. शिवाय परत यायला जून उजाडला तर पाऊस सुरू झालेला असतो, आणि मुंबईत किंवा गोव्यात एक विमान लांबलं की पुढचं चुकतं. मेची सहल पंधरा-वीस तारखेच्या आत संपवलेली बरी.

आमच्या मते सर्वांत चांगली ती दिवाळीची सुट्टी. अडीच-तीन आठवडे हातात असतात, हवा सुधारलेली असते. फक्त नरकासुर जाळायच्या रात्री मुलांना गावाबाहेर नेऊ नका. महिनाभर आधीपासून कागद चिकटवत बसलेली मुलं तुम्हाला ते सहज माफ करणार नाहीत. भाऊबीज करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघायचं, सात रात्री राहायचं, आणि शाळा सुरू होण्याआधी घरी तीन-चार दिवस उरतील असा हिशेब ठेवायचा.

नाताळात एक गोष्ट लक्षात घ्या. २० डिसेंबरनंतर सगळा देश गोव्याकडे येत असतो. त्यामुळे इथून बाहेर जाणारी विमानं त्यामानाने मोकळी असतात, पण २६ ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान परत येणारं तिकीट फार महाग पडतं. नव्या वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी परतलात तर प्रवाह उलटा झालेला असतो. शाळा कधी सुरू होते ते पाहून एवढे दोन दिवस मिळतात का, ते तपासा.

कुठे जायचं

गोव्याच्या मुलांना समुद्राचं अप्रूप नाही. मिरामार-कोलव्याला सायकलने जाणाऱ्या मुलाला चार-पाच तास उडवून पुन्हा किनाऱ्यावरच बसवलं, तर तिसऱ्या दिवशी तो मोबाईल मागतो. त्याला हवी असते जमिनीखालून धावणारी आगगाडी, रात्री जागा असलेला प्राणी, उंट, बर्फ, ज्वालामुखी. जे इथे नाही ते.

दुसरी चाळणी हवेची. मेमध्ये दुबई-मस्कतला पारा चाळिशीच्या आसपास असतो, म्हणजे मुलं दिवसभर मॉलमध्ये कोंडली जाणार. तेच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे छान असतं. श्रीलंकेचा पश्चिम आणि दक्षिण किनारा मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पावसाखाली असतो, आपल्यासारखाच. त्याच काळात त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा असतो. थायलंडात फुकेतला मेपासून पाऊस, तर पलीकडच्या कोह सामुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बालीचा कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, त्यामुळे मेसाठी ते बेट चांगलं. सिंगापूरला बाराही महिने उकाडा आणि पाऊस, पण पावसातही चालणाऱ्या जागा भरपूर.

तिसरी चाळणी घड्याळाची, आणि बहुतेक लोक ती लावतच नाहीत. दुबई, मस्कत, मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे मुलं पहाटे पाचला टक्क जागी होतात आणि रात्री आठला पेंगतात. सिंगापूर, मलेशिया, बाली अडीच तास पुढे. तिथे उलटं होतं: सकाळी उठत नाहीत, रात्री अकरापर्यंत ताजीतवानी. थायलंड, व्हिएतनाम दीड तास पुढे, श्रीलंका आपल्याच घड्याळावर. मेमध्ये युरोप साडेतीन तास मागे असतो. घरी साडेसहाला उठणारं मूल तिथे पहिले तीन दिवस पहाटे तीनला उठून बसतं आणि आईबाबांनाही उठवतं. दहा रात्रींहून कमी दिवस असतील तर आठ-दहा वर्षांच्या मुलांना युरोपला नेऊ नये, असंच आम्ही सांगू.

पहिल्यांदाच जाणाऱ्या घराला आम्ही सिंगापूर सुचवतो. महाग आहे, हे खरं. पण एका मुक्कामातून सगळं होतं, नळाचं पाणी पिता येतं, शाकाहारी जेवण सापडतं आणि मुलं स्वतः नकाशा वाचून आगगाडीने नेऊ शकतात. पुढची उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

पासपोर्ट: सहा महिने आधी कपाट उघडा

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा घेता येतो. आईबाबांचे दहा वर्षांचे असतात, म्हणून घरात सगळ्यांचे चालू असतील असं गृहीत धरलं जातं आणि मुलाचा संपलेला निघतो. बहुतेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे दिवाळीत जायचं तर पुढच्या मेपर्यंतची मुदत हवी.

मुलाच्या ३६ पानी पासपोर्टला १००० रुपये, मोठ्यांच्या १५०० रुपये. तत्काळला त्यावर २००० जादा. आई आणि वडील दोघांची सही असलेलं ‘अनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागतं. वडील बोटीवर किंवा गल्फमध्ये असतील, आणि गोव्यात अशी घरं गावोगाव आहेत, तर सहीसाठी त्यांच्या रजेची वाट पाहावी लागते किंवा तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित प्रतिज्ञापत्र मागवावं लागतं. हे काम ते घरी असतानाच उरकून घ्या. एकाच पालकासोबत मुलं जाणार असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. कुठे विचारतात, कुठे नाही. पण विचारलं आणि नसेल तर काउंटरवर अडकता.

गोव्यातली खास अडचण नावांच्या स्पेलिंगची. जुन्या जन्मदाखल्यांवर पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं असतात: नाईक या आडनावाच्या शेवटी एका कागदावर ‘के’, दुसऱ्यावर ‘क्यू-यू-ई’. आईचं लग्नाआधीचं नाव मुलाच्या दाखल्यावर आणि लग्नानंतरचं पासपोर्टवर, हेही नेहमीचंच. विमानाचं तिकीट आणि व्हिसा मात्र पासपोर्टवरच्या अक्षरांनुसारच हवेत. पासपोर्ट समोर उघडा ठेवून, त्याच्या शेवटच्या दोन ओळींत छापलेलं नाव बघत तिकीट काढा. पाठ आहे म्हणून लिहू नका.

आणि घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर प्रत्येकाचा व्हिसा वेगळा तपासा. एकाच घरातले दोघं व्हिसाशिवाय आणि दोघं व्हिसा घेऊन, असं होऊ शकतं. त्या व्यक्तीला भारतात परतताना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) लागतं. ते कपाटात ठेवून निघालात तर जातानाच चेक-इनला अडवलं जाऊ शकतं.

व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, अधिकृत एजंटमार्फत. शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे पैसे वेगळे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं, मुलांचंही, आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर ती सरकारी नव्हेत. थायलंडनेही १ मे २०२५ पासून असं कार्ड सक्तीचं केलं आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाला बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. सहा ते बारा वयाला शुल्क मोठ्यांच्या निम्मं, ९० ऐवजी ४५ युरो.

विमान: स्वस्त तिकीट कुठे महाग पडतं

दाबोळी आणि मोपा, दोन्हींवरून थेट परदेशी विमानं थोडी, आणि ती हंगामाप्रमाणे बदलतात. बहुतेकांना मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीत बदलावं लागतं. तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ वेगवेगळे टाकून पाहा, पण घरापासूनचं अंतरही त्यात मिळवा. पेडणे-डिचोलीकराला मोपा दारात आहे. काणकोणहून तिथे जायला अडीच-तीन तास लागतात, आणि पहाटेच्या विमानाला मुलांना मध्यरात्री उठवून गाडीत घालावं लागतं. टॅक्सीचं भाडं आणि ही झोप, दोन्ही तिकिटाच्या किमतीत धरा.

गोवा ते मुंबई एक तिकीट, मुंबईहून पुढे दुसरं, अशी जोडणी स्वस्त दिसते. पण पहिलं विमान लांबलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते आणि चार जणांची तिकिटं वाया जातात. बॅगाही मुंबईत उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्यात देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं तर परदेशी विमानासाठी टर्मिनल दोनला रस्त्याने जावं लागतं, मुंबईच्या वाहतुकीतून. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मधे एक रात्र मुंबईत काढा.

रात्रीचं विमान हा दुसरा सापळा. मध्यरात्री मुंबईहून निघालं की साडेपाच तासांत सिंगापूर. तिथे सकाळचे आठ वाजलेले, मुलं तीन तास झोपलेली, आणि खोली तीनला. त्या दिवशी केलेलं प्रत्येक तिकीट वाया जातं. दिवसा उडून संध्याकाळी सहाच्या आत पोचणारं विमान दोन-तीन हजारांनी महाग असलं तरी तेच घ्या. ते नसेल तर हॉटेल आदल्या रात्रीपासूनच आरक्षित करा आणि हॉटेलला कळवा, की सकाळी पोचू. नाही तर आदल्या रात्री आला नाहीत म्हणून ते आरक्षण रद्द करू शकतात.

मुलांच्या शेजारची जागा आपोआप मिळेल यावर विसंबू नका. चौघांच्या जागा तिकीट काढतानाच निवडा, एका ओळीत तीन आणि त्याच ओळीत वाटेपलीकडे एक. विमान उतरू लागतं तेव्हा कान दुखतात. पोचायच्या तीस-चाळीस मिनिटं आधी मुलांना उठवून पाणी, गोळी किंवा चघळायला काही द्या. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून झोपलेल्या मुलाचाच कान जास्त दुखतो. चोर्ला घाटात ज्या मुलाला उलटी होते त्याला पंखाजवळची जागा द्या, आणि उलटीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

खोली

संकेतस्थळावर ‘दोन मोठे, दोन मुलं’ टाकूनच शोधा. दोघांची खोली घेऊन मुलांना मधे झोपवू, हा बेत परदेशात चालत नाही. अग्निसुरक्षेमुळे खोलीत किती माणसं राहू शकतात ते ठरलेलं असतं आणि काउंटरवर दुसरी खोली घ्यायला लावतात. किती वयापर्यंत मूल फुकट, न्याहारी धरली आहे का, जादा खाट मिळते का, हे मेलवर लेखी घ्या. मोठं मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर आतून दार असलेल्या दोन लागून खोल्या बऱ्या पडतात. दार आतून जोडलेलंच हवं असं लिहा, नुसतं ‘शेजारी’ नको.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यायची कल्पना थायलंडात ठीक आहे, पण सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीने देणं बेकायदा आहे. तिथे ओट्याची सोय हवी असेल तर परवाना असलेलं सर्व्हिस अपार्टमेंटच शोधा.

जागा निवडताना नकाशावर स्टेशनचं अंतर पाहा: चालत सात मिनिटांच्या आत. आणि पोहण्याचा तलाव असू द्या. दुपारच्या दोन तासांची सोय त्यातच होते.

दिवस कसा लावायचा

दिवसाला एकच मोठी गोष्ट. एक ते चार खोलीवर. संध्याकाळी जवळपास भटकंती. सात रात्रींत एक दिवस पूर्ण मोकळा, शक्यतो चौथा. तोवर पाय दुखायला लागलेले असतात आणि कुणाला तरी सर्दी झालेली असते. प्रत्येक मुलाला एक अर्धा दिवस द्या: तो जे ठरवेल ते, मोठ्यांनी कुरकुर करायची नाही. हे निघण्याआधी ठरलं असेल तर रोजचे वाद निम्म्याने कमी होतात.

सिंगापुरात घड्याळ पुढे असल्याचा फायदा घ्या. सकाळी साडेआठ म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे सहा, तेव्हा दहाच्या आधी बाहेर पडायचा हट्ट नको. उलट संध्याकाळचे सव्वासात म्हणजे घरचे पावणेपाच. म्हणून १९९४ साली सुरू झालेली नाइट सफारी, म्हणजे रात्री बघायचं प्राणिसंग्रहालय, पहिल्या दोन दिवसांतच उरका. ती सव्वासातला उघडते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मुलं स्थानिक घड्याळावर आली, की ट्रामच्या चाळीस मिनिटांत झोपून जातात. वेळेचं तिकीट आधी काढा, जेवून जा, खातिब स्टेशनवरून मंडाईची शटल बस घ्या.

दुपारी गडगडाटासह पाऊस हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तिथला रिवाज. गार्डन्स बाय द बे या बागेतले काचेचे दोन घुमट दुपारसाठी ठेवा. महिन्यातून एखादा दिवस ते देखभालीसाठी बंद असतात, तारीख पाहून घ्या. बाहेरच्या उंच लोखंडी झाडांवरचा दिव्यांचा खेळ रोज पावणेआठ आणि पावणेनऊला, फुकट. बोटॅनिक गार्डन २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यातल्या मुलांच्या बागेत मोठ्यांना लहान मुलाशिवाय सोडतच नाहीत. ती सोमवारी बंद असते. सेंटोसा बेटावरच्या मनोरंजन पार्कला जाणार असाल तर घरीच उंची मोजून घ्या. मोठ्या पाळण्यांना किमान १२२ सेंटिमीटर किंवा त्याच्या आसपास अट असते, आणि दोन बोटं कमी पडल्याने रांगेच्या टोकाला रडणारं मूल सावरणं कठीण जातं. कुठल्या पाळण्यावर बसता येणार नाही ते आदल्या रात्रीच त्याला सांगा. शनिवार-रविवार तिकडे जाऊ नका.

आगगाडीत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. चौघांना चार कार्डं हवीत. ०.९ मीटरहून कमी उंचीचं मूल मोठ्यांसोबत फुकट जातं. सात वर्षांवरच्या पाहुण्या मुलांना मोठ्यांचंच भाडं. गाडीत खाणं-पिणं, पाण्याचा घोटसुद्धा, मना आहे. टॅक्सीचा एक बारकावा: १.३५ मीटरहून कमी उंचीच्या मुलाला गाडीत खास आसन सक्तीचं आहे. साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही. म्हणून चालकाने मुलांना पाहून न्यायला नकार दिला तर वाद घालू नका. त्याला दंड होतो. ॲपमध्ये मुलांच्या आसनाची गाडी निवडा किंवा साधी टॅक्सी थांबवा.

आणि चुकामूक. दार बंद झालं आणि मूल गाडीत, आईबाबा फलाटावर: काय करायचं? मुलाने पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच उभं राहायचं, मोठ्यांनी पुढच्या गाडीने यायचं. मूल फलाटावर राहिलं तर त्याने जागा सोडायची नाही, मोठे परत येतील. ही दोन वाक्यं पहिल्या दिवशी मुलांकडून तोंडपाठ म्हणवून घ्या. खिशात हॉटेलचं कार्ड, मागे दोघांचे फोन नंबर देशाच्या क्रमांकासह.

बॅगेत काय नको

इथे दिवाळीचा फराळ अडचणीत आणतो. आजीने प्रेमाने बांधून दिलेल्या नेवऱ्यांच्या सारणात खसखस असते, अनारशांवर तर वरूनच लावलेली असते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरात दोन्हीकडे खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. तिथे ‘घरचा खाऊ आहे’ हे उत्तर चालत नाही. आजीला आधीच सांगा: या खेपेला खसखशीशिवाय. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, तेही सामानात नको. मांसाचे पदार्थ, चुरीस वगैरे घरीच ठेवा. च्युइंग गम आणि ई-सिगारेट सिंगापुरात नेता येत नाहीत. कानासाठी चघळायला म्हणून गम घेतला असेल तर उतरण्याआधी संपवा.

न्यायचं ते असं: चिवडा, कोरडा खाऊ, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपीट यांची आठ-दहा पाकिटं. संध्याकाळी थकलेल्या मुलाला नवी चव नको असते, तेव्हा ही कामाला येतात. सोमवार-गुरुवारी शिवराक पाळत असाल तर थायलंड-मलेशियात ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. भाजीत माशाचा रस किंवा सुंगटांची चटणी असते, ती नको असंही सांगावं लागतं. सिंगापुरात लिटल इंडिया या भागात त्या दिवसांची सोय होते.

कपडे चार दिवसांचे, मधे एकदा धुवायचे. प्रत्येक मुलाची पाठीवरची एक छोटी बॅग, त्यात एक बदली जोड. सामान उशिरा आलं तर तोच कामाला येतो. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. आकडा पुसलेला असेल तर काढून घेतात. काही कंपन्या उड्डाणात ती वापरूही देत नाहीत. सिंगापूर, मलेशिया, दुबईला चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो. तो घरूनच न्या.

औषधं आणि विमा

चार-सहा आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटून लसी पाहून घ्या आणि औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावाने, लिहून घ्या. तापाच्या पॅरासिटामॉल सिरपच्या दोन ताकदी बाजारात असतात: पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि २५० मिलिग्रॅम. बाटली बदलली आणि मात्रा तीच ठेवली तर निम्मी किंवा दुप्पट जाते. वजनानुसार किती मिलिलिटर ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. पेल्यात अर्धं टाकलं तर ते फार घट्ट होतं आणि जुलाब वाढू शकतात. म्हणून २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या यांवर बऱ्याच देशांत निर्बंध आहेत, चिठ्ठी असली तरी आधी तपासा.

विमा चौघांचा घ्या, निघायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत. दवाखान्यात जायची वेळ आली तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा, आणि निदान लिहिलेला कागद व पावती दोन्ही मागून घ्या. नुसत्या पावतीवर दावा अडतो. युरोपच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं.

पैसे

आपल्या बँका परदेशातला वापर मुळात बंदच ठेवतात. ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. हे मुंबईहून निघण्याआधी करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा त्या सिमला परदेशात निदान एसएमएस येतील अशी सोय ठेवा. दुकानातलं यंत्र रुपयांत की तिथल्या चलनात असं विचारतं. नेहमी तिथलं चलन निवडा, कारण रुपये म्हटलं की दुकानाकडचा महाग दर लागतो. साध्या कार्डावर बँक सुमारे साडेतीन टक्के वरखर्च लावते, म्हणून हॉटेलसारखी मोठी रक्कम कमी वरखर्चाच्या किंवा फॉरेक्स कार्डाने द्या. दोन कार्डं दोन वेगळ्या खिशांत. पॅकेज सहल घेतलीत तर एजंट त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतो. तो पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता करून घेता येतो. ज्याच्या पॅनवर तो कापला जाईल त्याचं विवरणपत्र भरलं जातं ना, एवढं पाहा.

शेवटचा दिवस

परतीच्या दिवशी काही आखू नका. खोली सोडून, बॅगा घेऊन विमानाच्या पाच तास आधीच सिंगापूरच्या चांगी विमानतळावर जा. विमानतळालगतच्या ज्वेल या मॉलमध्ये चाळीस मीटरचा धबधबा छतातून पडतो. ३१० मीटरचा दूधसागर पाहिलेली मुलं त्याची उंची बघून हसतील, पण घरात पडणारं पाणी त्यांनी पाहिलेलं नसतं. तिथेच जेवण, उरलेले सुटे पैसे मुलांना खर्चायला, मग चेक-इन. मुंबईत रात्री उतरत असाल तर गोव्याचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या आणि घरी दाबोळी-मोपाला गाडी सांगून ठेवा. शाळा सोमवारी असेल तर शुक्रवारीच घरी पोचा. अडीच तासांचं घड्याळ उलट फिरायला दोन रात्री लागतात, आणि तोवर मुलं संध्याकाळी सातलाच पेंगायला लागतात. त्यांना तेव्हा जेवू घालून झोपवा, गृहपाठाच्या वह्या रविवारी काढा.